पोलादाचं पाणी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सुचवलं होतं की, तू सॉफ्टवेअरमधली आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नोकऱ्या यावर बोल. त्या विषयावर बोलू शकतील असे किमान वीस जण आज या मांडवात आहेत आणि जेवणाच्या रांगेत तुम्ही त्यांना गाठणारच आहात. म्हणून माझ्या वाट्याची पंधरा मिनिटं मी एका तलवारीला देणार आहे. तलवार म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या काहींनी खुर्ची पुढे ओढली, ते दिसलं. त्यांची थोडी निराशा होईल. ही तलवार आपल्या इतिहासातली नाही, ती व्हायकिंगांची आहे. आणि ती हजार वर्षांपूर्वीची नाही, गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्टर्जन बे नावाचं गाव आहे. तिथं रिक फरर नावाचे लोहार काम करतात. 2012 साली 'सीक्रेट्स ऑफ द व्हायकिंग स्वोर्ड' नावाचा माहितीपट आला. त्यात फरर यांनी उल्फबेर्ट प्रकारची तलवार पहिल्यापासून घडवली. पहिल्यापासून म्हणजे बाजारातून पोलादाची पट्टी आणून तिला धार लावली असं नाही. पोलादच आधी मुशीत केलं आणि मग त्याची तलवार केली. मी तो माहितीपट आतापर्यंत किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही, कारण माझे यजमान इथे बसलेत.

उल्फबेर्ट म्हणजे काय ते आधी सांगते. नवव्या ते अकराव्या शतकातल्या काही युरोपीय तलवारींच्या पात्यावर लॅटिन लिपीत हे नाव कोरलेलं, खरं तर ठोकून बसवलेलं आढळतं. आजवर अशा सुमारे 170 तलवारी सापडल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा नॉर्वे, फिनलंड, बाल्टिक किनारा, रशिया अशा उत्तरेच्या मुलखात. नाव मात्र तिकडचं नाही, फ्रँक लोकांचं आहे, म्हणजे ऱ्हाईन नदीच्या आसपासचं. फ्रँकांचा राजा चार्ल्स द बाल्ड याने 864 साली फर्मान काढलं होतं की व्हायकिंगांना शस्त्र विकणाऱ्याला देहदंड. तरी तलवारी नॉर्वेत पोचल्याच. निर्यातबंदी आणि व्यापारी यांचं नातं तेव्हाही आजच्यासारखंच होतं.

आता गंमत बघा. अशा तलवारी दोनशे वर्षं होत राहिल्या. एक माणूस दोनशे वर्षं जगत नाही, म्हणजे हे कारागिराचं नाव उरलं नव्हतं, छाप झाली होती. आणि जिथं छाप आली तिथं नकली माल आलाच. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयाशी संबंधित असलेले धातुशास्त्रज्ञ डॉ. ॲलन विल्यम्स यांनी यातल्या बऱ्याच तलवारींचे अगदी बारीक नमुने घेऊन तपासले. नावाच्या सुरुवातीला एक क्रूस असतो आणि शेवटाकडे दुसरा. काही तलवारींवर हा दुसरा क्रूस शेवटच्या 'टी' अक्षराच्या आधी आहे, काहींवर नंतर. विल्यम्स यांना असं दिसलं की सर्वोत्तम पोलाद 'टी'च्या आधी क्रूस असलेल्या तलवारींत सापडतं आणि नंतर क्रूस असलेल्यांत बऱ्याचदा साधा, हलका माल निघतो. स्टेशनबाहेर चपलांवर कंपनीचं नाव एका अक्षराने चुकलेलं असतं ना, तसंच. फक्त इथं फसलेल्या गिऱ्हाइकाला त्याची किंमत भर लढाईत कळायची.

त्या काळात युरोपात लोखंड कसं व्हायचं हे समजल्याशिवाय या चांगल्या पोलादाचं मोल कळणार नाही. लोखंड वितळतं 1538 अंश सेल्सिअसला. त्यांच्या भट्ट्या तिथवर पोचत नसत. खनिजातून निघायचा तो स्पंजासारखा गोळा, कीट अडकलेला. तो तापवायचा, घणाने ठोकायचा, घडी घालायची, पुन्हा ठोकायचा, म्हणजे कीट बाहेर फेकलं जाईल. तरी त्याचे धागे आत राहतातच आणि पातं तुटतं ते तिथंच. पण विल्यम्स यांना मिळालेल्या निवडक पात्यांत कीट जवळजवळ नव्हतंच आणि कार्बनचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून वर होतं. असं पोलाद ठोकून होत नाही. ते मुशीत वितळावं लागतं. वितळलं की कीट वर तरंगतं आणि खाली स्वच्छ धातू राहतो.

मग हे मुशीतलं पोलाद आलं कुठून? विल्यम्स यांचं म्हणणं, पूर्वेकडून, व्होल्गा नदीच्या व्यापारी मार्गाने. स्कँडिनेव्हियात अरबी चांदीची नाणी ढिगाने सापडतात, म्हणजे तो रस्ता वाहता होता यात शंका नाही. आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्व या जुन्या शहरात त्याच काळातल्या मुशीच्या पोलादाच्या भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. काहींच्या मते युरोपातही असं पोलाद होऊ शकत होतं. मला स्वतःला पूर्वेची बाजू जास्त पटते, पण तो माझा प्रांत नाही.

फरर यांनी नेमकं हेच करून पाहिलं. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, कोळसा, थोडी वाळू आणि काच घालायची. काच कशाला? ती वितळून वर साय धरते, मळ ओढून घेते आणि खालच्या धातूला हवा लागू देत नाही. मूस बंद करून भट्टीत ठेवायची आणि मग वाट बघायची. आत काय चाललंय ते दिसत नाही. ज्योतीचा रंग आणि आवाज यावरून ओळखायचं. मग मूस हळूहळू निवू द्यायची, फोडायची आणि हातात येते ती पोलादाची जाडशी वडी. इथं निम्मे लोक हरतात. फोडल्यावर कळतं की धातू पुरता वितळलाच नव्हता किंवा आत पोकळ्या राहिल्या.

आणि वडी चांगली निघाली तरी ती तलवार नव्हे. जास्त कार्बनचं पोलाद मोठं मानी असतं. साधं लोखंड पांढरंशुभ्र तापवून ठोकलं तर लोण्यासारखं पसरतं. हे तसं तापवलं तर घणाखाली चुरा होतो. कमी तापवलं तर तडकतं. मधली एक अरुंद पट्टी आहे, साधारण लाल ते नारिंगी रंगाची, तेवढ्यातच काम करायचं. सुरुवातीचे घाव तर इतके हलके की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस काम करतोय की कुरवाळतोय. दोन-चार घाव, पुन्हा भट्टी, पुन्हा दोन-चार घाव. त्या वडीची कांब करायची, कांबेचं जवळजवळ हातभर लांब पातं, पात्याच्या मधोमध वजन कमी करणारी पन्हळ, मग नावाच्या अक्षरांसाठी खोबणी पाडून त्यात लोखंडाची तार गरम असतानाच ठोकून बसवायची. आणि एवढं सगळं झाल्यावर पाणी द्यायचं.

'पाणी देणं' हा शब्द आपल्या लोहारांचा. तापलेलं पातं एकदम थंड करायचं म्हणजे ते कठीण होतं. हा क्षण निर्दय असतो. पात्यात कुठेही नजरेआड राहिलेली चीर असेल तर ते इथं वाकडं होतं किंवा सरळ तडकतं, आणि कित्येक दिवसांचं काम संपलं. मराठीत माणसाचं 'पाणी जोखतात' ते उगाच नाही.

आपल्या शाळेत आठवीपासून तांत्रिक विषय होता, आठवतं? मुलांना कर्मशाळा आणि मुलींना शिवण. त्यामुळे मी भट्टी पाहिली ती खिडकीच्या गजांतून, हातात काजबटणाचा रुमाल धरून. तिथले मामा लोखंड बाहेर काढायच्या आधी म्हणायचे, "थांब, अजून पळस फुलला नाही." मुलं हसायची. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर धातुशास्त्राच्या पुस्तकात रंग आणि तापमानाचा तक्ता पाहिला, तेव्हा कळलं की मामा अंदाजे नऊशे-साडेनऊशे अंशांबद्दल बोलत होते. तक्त्यात ते वाचायला मला पाच मिनिटं लागली. गजाआडून मात्र पळस नेमका कधी फुलला हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

आता आपल्याकडचा धागा. तो खरा आहे, म्हणूनच जपून सांगायला हवा. मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात फार जुन्या काळापासून होत होतं. तमिळनाडूतल्या कोडुमनाल इथल्या उत्खननात त्याच्या खुणा मिळाल्या आहेत. तेलंगणात, आपल्या नांदेडच्या शेजारच्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॉयसी नावाच्या भूवैज्ञानिकाने तिथल्या भट्ट्यांचं वर्णन लिहून ठेवलंय आणि तिथं पोलाद विकत घ्यायला इराणहून व्यापारी येत असल्याचं सांगितलंय. इराणात त्याच्या तलवारी व्हायच्या आणि जगात त्या 'दमास्कस' म्हणून ओळखल्या जायच्या. माल एका गावचा, कारागिरी दुसऱ्या गावची आणि नाव तिसऱ्याच बाजारपेठेचं. कन्नड-तेलुगूत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. त्याचं इंग्रजांनी केलं 'वुट्झ'. 1794 साली मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने या वुट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनीही त्यावर डोकं चालवलं. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. पण वुट्झच्या पात्यावर जी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते, तिच्या कारणाचा त्यांचाही अंदाज चुकला.

आणि इकडे मुंबईतून ते नमुने जात होते, त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीच मराठ्यांकडे उलटा प्रवाह सुरू झालेला होता. 'फिरंग' म्हणतो ती तलवार आठवा. लांब, सरळ पातं युरोपातून आलेलं आणि मूठ आपल्याकडची. म्हणजे एका हाताने आपण पोलाद बाहेर पाठवत होतो आणि दुसऱ्या हाताने पाती आत आणत होतो. ज्याला त्याला उपयोगाचं हवं असतं, वंशावळ नंतर शोधली जाते.

वुट्झ करण्याची विद्या मात्र हळूहळू बुडाली. कारखान्यातलं स्वस्त पोलाद आलं, जंगलावर बंधनं आली, कोळसा महागला, गिऱ्हाईक गेलं. करणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. ज्यांनी लिहिलं ते बघणारे होते, आणि बघणारा माणूस त्याला महत्त्वाचं वाटतं तेच लिहितो.

ती नक्षी पुन्हा जमली कशी, ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. अमेरिकेतच, फ्लोरिडात आल्फ्रेड पेंड्रे नावाचे गृहस्थ होते. घोड्यांना नाल ठोकणं हा त्यांचा व्यवसाय. ते वर्षानुवर्षं मुशी पेटवत राहिले. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हेन त्यांच्याबरोबर आले. एकाच्या हातात घण आणि दुसऱ्याकडे सूक्ष्मदर्शक. काही वड्यांतून सुरेख नक्षी उमटायची, काहींतून नाहीच. कृती तीच, माणूस तोच. शेवटी 1998 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की फरक खनिजात नकळत आलेल्या अशुद्धींचा आहे, मुख्यतः व्हॅनेडियमचा, तोही 0.01 टक्क्याहून कमी. एवढ्याशा व्हॅनेडियममुळे लोखंड-कार्बनचे कठीण कण पुन्हा पुन्हा तापवताना एका रांगेत गोळा होतात आणि त्या रांगा म्हणजेच ती लहर. त्यांनी असंही सुचवलं की विशिष्ट खाणींचं खनिज संपलं आणि म्हणून कारागिरांना एकाएकी जमेनासं झालं असावं. विचार करा त्या लोहाराचा. आजोबांनी शिकवलेलं सगळं तंतोतंत करतोय आणि पातं मात्र उमटत नाही. त्याला वाटलं असेल, आपल्याच हातात काही राहिलं नाही.

माझ्या क्षेत्रातल्यांना हे ओळखीचं वाटेल. एका जुन्या टीममध्ये आमच्याकडे एक प्रणाली होती, तिच्यात एक आकडा लिहिलेला होता, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लिहिणारा माणूस कधीच निघून गेला होता. नव्या यंत्रांवर सगळं हलवलं आणि ती बंद पडली. तीन आठवडे आम्ही चौघं त्या एका आकड्यामागे होतो. अखेरीस निघालं एवढंच की जुनं यंत्र एका ठिकाणी किंचित मंद होतं आणि सगळा डोलारा त्या मंदपणावर उभा होता. तो मंदपणा कुणी मुद्दाम घातलेला नव्हता, जसं व्हॅनेडियम कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं. कागदावर काय लिहिलंय ते वाचून आम्हाला हे कधीच सापडलं नसतं. चालवून, मोडून, पुन्हा चालवूनच सापडलं.

म्हणून फरर किंवा पेंड्रे यांच्या कामाला कुणी 'नक्कल' म्हटलं की मला राग येतो. संग्रहालयातल्या खऱ्या तलवारीला तुम्ही काय विचारू शकता? ती वाकवता येत नाही, तोडता येत नाही, भट्टीत घालता येत नाही. कणभर नमुना मिळवायला परवानग्यांची रांग. नवी केलेली तलवार मात्र तुमच्या हातात आहे. ती फसली तरी काही सांगून जाते. किती कोळसा लागतो, किती माणसं, किती दिवस, कुठल्या टप्प्यावर हात भाजतो, हे कुठल्याही जुन्या पोथीत नाही. फरर यांनी ती तलवार केल्यावर व्हायकिंगांच्या सरदाराला ती केवढ्याला पडत असेल हे पहिल्यांदा अंगाला कळलं.

आता थोडं कडवट बोलते. माझ्या मोबाईलवर दर दोन महिन्यांनी एक संदेश येतो. आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होतं, जर्मन शास्त्रज्ञांनी मान्य केलं, पुढे पाठवा. त्यामागे खरी बातमी आहे. 2006 साली ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर आणि सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या सूक्ष्म नळ्या दिसल्याचं 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. पण त्या लोहाराला नळ्या अवगत नव्हत्या. त्याला त्याचा पळस अवगत होता, आणि मला विचाराल तर ते जास्त अवघड आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्या आमच्या एका मित्राला मी विचारलं, कोनासमुद्रमच्या भट्टीवाल्यांच्या नातवंडा-पणतवंडांचं पुढे काय झालं असेल रे? तो म्हणाला, ते कशाला? उल्फबेर्टचं निदान नाव तरी पात्यावर आहे, खरं-खोटं कसंही. आपल्या उक्कूच्या वडीवर कुणाचंच नाव नाही. ज्यांनी ते केलं ते गावकुसाजवळ राहणारे, धुरात खोकणारे लोक होते. त्यांचा अभिमान आपण हजार मैलांवरून बाळगतो आणि भर चौकात कोयत्याला पाणी देणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. ती कुटुंबं गाड्यावर संसार घेऊन आजही आपल्या गावच्या बाजाराला येतात. आज सकाळी मला स्टँडमागे एक दिसलं. बाई भाता फिरवत होती आणि तिची मुलगी, असेल नऊ-दहा वर्षांची, सांडशीत धरलेल्या लोखंडाकडे एकटक बघत होती. शाळेच्या वेळेला. आपल्या माजी विद्यार्थी निधीतून काय करायचं यावर दुपारी चर्चा आहे, तेव्हा मी तो विषय काढणार आहे. तिला शाळेत कसं आणायचं हा एक प्रश्न आणि तिला जे येतं ते शाळेने कसं ओळखायचं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार नाहीत. बाईंकडे असतील असं मला उगाच वाटतं, कारण लहानपणी ती नेहमी असायची.

घड्याळ दाखवतायत, तेव्हा एक कामाची गोष्ट सांगून खाली बसते. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं केळकर संग्रहालय, कधी गेलात तर शस्त्रांच्या दालनात सगळे मुठी बघतात. सोन्याचं काम, खडे, परज. तुम्ही पातं बघा. समोरून नका बघू, काचेशी वाकून, दिव्याची तिरीप पात्यावर लांबून घसरेल अशा कोनातून बघा. एखाद्या पात्यावर, अगदी अंधूक, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशा लहरी दिसल्या तर तिथं थांबा. रखवालदार हटकेल. त्यालाही दाखवा.